पाथरवटांची मुले आणि शर्यतीची सायकल

शाळा संपली आहे, पुढचे काही ठरलेले नाही आणि बंद पडलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यात पोहत चार मित्र दिवस काढत आहेत, इथून पीटर येट्स दिग्दर्शित ‘ब्रेकिंग अवे’ (१९७९) सुरू होतो. गाव आहे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले ब्लूमिंग्टन. तिथल्या चुनखडीच्या दगडातून विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तो दगड घडवणाऱ्या पाथरवटांच्या मुलांना आता विद्यापीठातले विद्यार्थी ‘कटर’ म्हणून हिणवतात.

चौघांपैकी डेव्ह (डेनिस क्रिस्टोफर) सायकलवेडा आहे आणि इटालियन सायकलपटूंवरील भक्तीपायी स्वतःच अर्धा इटालियन होऊन बसला आहे. घरातल्या मांजराला तो इटालियन दिग्दर्शकाच्या नावावरून फेलिनी म्हणतो, ऑपेरातली गाणी म्हणतो आणि जुन्या मोटारी विकणाऱ्या वडिलांना (पॉल डूली) जेरीस आणतो. हमरस्त्यावर मालमोटारीच्या मागे, वाऱ्याचा आडोसा धरून तो सायकल दामटतो, चालक खिडकीतून बोटांनी वेग दाखवत राहतो आणि सोबत मेंडेल्सनची ‘इटालियन सिंफनी’ वाजते. त्या काही मिनिटांत वेगाचा आनंद जसा उमटतो, तसा शेवटच्या शर्यतीतही उमटत नाही.

पुढे खरेच एक इटालियन संघ गावाजवळ शर्यतीला येतो आणि त्यांच्या बरोबरीने धावणाऱ्या डेव्हच्या चाकात त्यांच्यापैकी एक जण हवा भरायचा पंप खुपसतो. घरी येऊन मुलगा गळ्यात पडून रडू लागल्यावर, इतके दिवस त्या इटालियन खुळावर करवादणाऱ्या बापाला हातांचे काय करावे हेच सुचत नाही. नंतर एका रात्री विद्यापीठाच्या आवारात हिंडताना, एकेकाळी पाथरवट असलेला हा बाप मुलाला सांगतो की दगड आम्ही घडवला, त्याचा अभिमानही होता, पण इमारती उभ्या राहिल्या आणि आपली तिथे पायरी नाही असे वाटू लागले. माझ्या मते चित्रपटाचा कळस हाच आहे, आणि डूली तो आवाज जराही न चढवता पेलतात.

शेवटी हे चौघे ज्यात उतरतात ती ‘लिटल ५००’ ही विद्यापीठाची सायकल शर्यत मात्र (चौघांचा संघ, एकाच गिअरच्या सायकली, २०० फेऱ्या, म्हणजे ५० मैल) अपेक्षित वळणांनीच जाते. प्रतिस्पर्धी विद्यार्थी ठोकळेबाज आहेत आणि डेव्ह जिला इटालियन असल्याची थाप मारतो, त्या कॅथरीनच्या वाट्याला फसवले जाण्यापलीकडे फारसे काही येत नाही. या पटकथेला ऑस्कर मिळाले, ते शर्यतीसाठी नक्कीच नसावे. लेखक स्टीव्ह टेसिच युगोस्लाव्हियातून किशोरवयात अमेरिकेत आले, याच विद्यापीठात शिकले आणि या शर्यतीच्या एका संघातही होते. ज्याला परकी भाषा गरजेपोटी शिकावी लागली, त्याने हौसेने परका होऊ पाहणारा मुलगा लिहिला आहे, आणि म्हणूनच बहुधा डेव्हच्या सोंगाला हसताना त्यात हेटाळणी येत नाही.

बार्बरा बॅरी यांनी साकारलेली आई वरवर पाहता भांडणे मिटवण्यापुरती आहे. पण एका प्रसंगी ती मुलाला पर्समधला पासपोर्ट काढून दाखवते. तो ती सतत जवळ बाळगते. आजवर तो उपयोगी पडला आहे तो केवळ दुकानात ओळख पटवण्यासाठी.