‘जास्त केल्विन, जास्त ताकद’ म्हणून मला विकलेला दिवा

पाणवनस्पती असलेल्या माशांच्या टाकीसाठी दिवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. माझे पैसे गेलेच, पण जास्त वाईट वाटतं ते दोन वर्षं वाढवलेल्या रोपांचं.

मी विक्रेत्याकडे ६,५०० केल्विनचा दिवा मागितला. तो म्हणाला, “ताई, ते नवशिक्यांसाठी. हा १४,०००चा घ्या, ताकद दुपटीहून जास्त. रोपं नुसती उसळतील.” समोरच्या टाकीवर त्याने तो लावूनही दाखवला. पाणी काचेसारखं दिसलं, निऑन टेट्रा माशांच्या अंगावरची निळी रेघ झळाळून उठली. मी भुलले आणि दुप्पट किंमत मोजली.

केल्विनचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो. प्रकाश किती आहे, हे तो सांगतच नाही. जुन्या पिवळ्या बल्बचा आकडा साधारण २,७००, भर दुपारच्या उन्हाचा ५,५००च्या आसपास. त्याच्या वर जावं तसा प्रकाश निळसर होत जातो. १४,०००चे दिवे मुख्यतः समुद्री प्रवाळांच्या टाक्यांसाठी असतात, कारण खोल समुद्रात लाल प्रकाश आधी शोषला जातो आणि निळा उरतो. आपल्या दीड फूट पाण्यात तसं काही होत नाही. निळा प्रकाश रोपांना चालत नाही, असंही नाही. क्लोरोफिल निळा आणि लाल दोन्ही घेतं. पण माझ्या दिव्यात लाल अगदीच नावाला होता आणि एकूण प्रकाशही तुटपुंजा.

महिन्याभरात माझी रोटाला ही पाणवनस्पती लांबट, किडमिडीत झाली. दोन पानांमधलं अंतर वाढलं, खालची पानं गळाली. काचेवर शेवाळ चढलं. मी पुन्हा त्याच्याकडे गेले, तर त्याने द्रवरूप खताची बाटली दिली. शेवाळ वाढलं तेव्हा शेवाळ मारायचं औषध दिलं. दिव्यात दोष असेल का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने माझ्या पाण्यावर ढकललं. रोपांना प्रकाशच पुरत नसेल तर ती खत उचलणार कशी? ते पाण्यात राहतं आणि शेवाळाला आयतं मिळतं. हे त्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

शेवटी प्लगला लावायचं वॉटमीटर आणलं. खोक्यावर ३६ वॉट छापलेलं, मीटरवर ११. दिवा परत द्यायला गेले, तर “वापरलेला माल परत घेत नाही.” बिलावर नुसतं ‘एलईडी दिवा’ लिहिलेलं होतं, ना वॉट, ना केल्विन. ते मी घेतानाच वाचायला हवं होतं.

म्हणून तुम्ही बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्या. दिव्याचा वर्णपट, म्हणजे त्यात कोणता रंग किती ते, आणि टाकीच्या तळाशी मिळणारा ‘पार’ (PAR), म्हणजे रोपांना उपयोगी पडणाऱ्या ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचं माप, मागा. ज्याच्याकडे खरा माल आहे तो ते दाखवतो किंवा निदान माहीत नाही असं सांगतो. माझ्यासमोर मात्र विषयच बदलला गेला. घरी एक जुनी सीडी दिव्याखाली तिरकी धरून पाहा. तिच्यावर रंगांचे पट्टे दिसतात. लाल पट्टा फिका असेल तर लगेच कळतं. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा पांढरा रंग आपोआप जुळवून घेतो.

आता ६,५०० केल्विनचा, वॉट तपासून घेतलेला दिवा रोज सात तास लावते. अनुबियास आणि क्रिप्टोकोरिन ही रोपं तगली होतीच. रोटालाला नवी पानं दाट येत आहेत. खालचे उघडे पडलेले देठ मात्र पुन्हा भरले नाहीत. शेंडे खुडून ते नव्याने मातीत रोवावे लागले.