बेळगावकडे मुलांसोबत जिओकॅशिंग: अ‍ॅप चांगलं, नकाशा मात्र विरळ

कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा, एवढाच हा खेळ. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याच आठवड्यात ऑरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोबाईलसकट घराबाहेर काढायचं असेल तर यापेक्षा सोपा बहाणा नाही.

सेवा म्हणून पाहिलं तर geocaching.com वर खातं फुकट निघतं. त्यांचं अधिकृत अ‍ॅप देखणं आहे, पण फुकट खात्यावर ते हात आखडता घेतं आणि अवघड डब्यांची पूर्ण माहिती दाखवत नाही. अँड्रॉइड असेल तर त्याच खात्यावर सी:जिओ हे मोफत अ‍ॅप चालवा. नकाशा आणि डब्यांची माहिती त्यात आधीच उतरवून ठेवता येते. बेळगावकडच्या जांबोटीच्या पुढे रेंज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे हेच कामाला येतं. माहिती बहुतेक इंग्रजीत असते, ती मोठ्यांनीच वाचून सांगावी लागते. पैसे भरून प्रीमियम घ्यायची इथे गरज नाही. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे डबेच कमी, मग पैसे कशाचे मोजायचे? परदेशी जायचं ठरलं तर बघू.

निघण्याआधी प्रत्येक डब्याच्या पानावर तीन गोष्टी बघा. पहिली, अवघडपणा आणि वाट यांचे आकडे. दोन्ही 1 ते 5 असतात. मूल बरोबर असताना 2 च्या वर जाऊ नका. दुसरी, आकार. ‘मायक्रो’ म्हणजे फिल्मच्या डबीएवढा, त्यात अदलाबदलीचं खेळणं मावत नाही आणि पोराचा विरस होतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शेवटच्या नोंदी. ओळीने दोन-तीन जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल तर डबा गेलाय असं धरून चाला.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा होतो. इथे अंश आणि दशांश मिनिटं वापरतात: उत्तर 15° 51.300′, पूर्व 74° 30.600′. यातला .300 म्हणजे तीस सेकंद नव्हेत, अठरा. तीस धरले तर पावणेचारशे मीटर उत्तरेला भरकटाल. आणि हेच कुणी 15.51300, 74.30600 असं टाकलं तर बेळगाव गावातला डबा नैऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर, थेट भीमगड अभयारण्याच्या बाजूला दिसतो. गुगल मॅपमध्ये अंशानंतर मोकळी जागा सोडून मिनिटं टाकली की बरोबर लागतं.

जागेवर पोचल्यावर डबा पन्नास मीटरवर येईपर्यंत नकाशा, पुढे अ‍ॅपमधलं होकायंत्र. बाण गरगरत असेल तर आधी चुंबकाचं कव्हर काढा आणि मोबाईल हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. दाट झाडाखाली किंवा किल्ल्याच्या तटाला लागून सिग्नल दगडावर आपटून येतो, त्यामुळे जागा दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे नाचते. अशा वेळी वीस-पंचवीस पावलं उघड्यावर या, मिनिटभर थांबा आणि दोन वेगवेगळ्या बाजूंनी आत चला. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतील तिथे शोधा. शेवटच्या दहा मीटरात मोबाईल खिशात टाका आणि पोराला पुढे करा. त्याची नजर तुमच्यापेक्षा खाली असते आणि डबेही बहुधा तिथेच असतात. दगडाच्या फटीत हात मात्र घालू द्यायचा नाही, आधी काठी. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत.

नकाशावर जवळ काहीच नसेल, आणि बऱ्याचदा नसतंच, तर खेळ घरीच मांडा. स्वतःचं किंवा पाहुण्यांचं शेत उत्तम. चारी बाजूंनी लॉक होणारे, रबर असलेले पारदर्शक डबे घ्या, तीन पुरेत. आत झिपची पिशवी, वहीचं पान आणि पेन्सिल. जेलपेनची शाई दमट हवेत पसरते. प्रत्येक जागेचं रीडिंग तीनदा, थोड्या थोड्या वेळाने घ्या आणि सरासरी काढा, नाहीतर पोरगं बांधाच्या पलीकडे शोधत बसेल. डब्यावर मराठी आणि कन्नड, दोन्हींत ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहून फोन नंबर टाका. एकाच भाषेत लिहाल तर दुसऱ्याला तो बेवारस वाटायचा. चॉकलेट, बिस्कीट आत अजिबात नको. मुंग्या आणि घुशी डबा कुरतडून ठेवतात. खाऊचा कुंदा आपल्या पिशवीतच राहू द्या, शोध संपल्यावर खायला.

बेळगावजवळच्या राजहंसगडावर येळ्ळूरमार्गे गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, उघडा माळ असल्याने सिग्नलही चोख मिळतो. पोरासोबत पहिला दिवस तिथेच काढावा. तटाचे दगड मात्र हलवायचे नाहीत. बेळगाव शहरातल्या कॅम्पात आणि तिथल्या किल्ल्यातल्या लष्करी हद्दीजवळ मोबाईल हातात धरून झुडपं धुंडाळत फिरलात तर चौकशी होणारच, तिकडे हा खेळ नको. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, देवळाचं आवार यांचंही तेच. कणकुंबी-जांबोटीची बाजू पावसाळ्यात सोडून द्या. धो धो पाऊस, जळवा आणि भिजून लगदा झालेली वही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक.

सकाळी सातला निघा, अकराच्या आत आटपा. दोघांना दोन लिटर पाणी, पायात बूट, फुल पँट आणि पॉवर बँक, कारण स्क्रीन आणि जीपीएस दोन्ही चालू राहिले की बॅटरी बघता बघता उतरते. दिवसाला दोन-तीन डबे बस्स. डब्यातून खेळणं घेतलं तर त्याच तोडीचं दुसरं ठेवायचं. नंबर कोरलेला धातूचा बिल्ला मिळाला तर तो बक्षीस नसतो, पुढच्या डब्यात पोचवायचा असतो. आपल्याकडे पुढचा डबा वर्षभर मिळणार नसेल तर तो बिल्ला उचलूच नका.