मांडवातली मडकी, जलरंगात

इथल्याच एका चित्रकाराचं, १५ बाय २२ इंचांच्या ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरखरीत) कागदावरचं हे चित्र. लग्नमांडवाच्या कोपऱ्यातली पाच मडक्यांची उतरंड, गेरूवर चुन्याच्या रेघा आणि ठिपके, वरच्या मडक्यावर कुंकवाची बोटं. घ्यावं असं चित्र आहे, फ्रेम मात्र बदलून.

यातला चुना म्हणजे कोरा कागदच. रेघा आधी मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर रबरासारखा निघणाऱ्या द्रवाने) झाकल्या, वर बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) वॉश, म्हणजे पातळ थर, दिला आणि खडखडीत वाळल्यावर फ्लुइड चोळून काढला. वरून पांढरा पोस्टर रंग लावला असता, तर सावलीचा ओला ब्रश फिरताच तो सुटून गेरूत कालवला गेला असता. फ्लुइडची कड फार धारदार येते. ती इथे ओल्या ब्रशने जागोजागी मऊ केलीये. त्यामुळे चिंधीच्या बोळ्याने ओढलेली, मध्येच जाड होणारी रेघ अगदी खरी वाटते.

सगळ्यात सुंदर जमलंय ते वळण. पोटावर मधोमध ठिपके गोल आणि सुटे, कडेला जाताना अरुंद होत दाटत गेलेत. हौशी चित्रं इथेच फसतात: नक्षी सपाट राहते आणि मडकं ताटासारखं चपटं दिसतं. वरच्या मडक्याचं तोंड नजरेच्या पातळीजवळ, म्हणून त्याचा लंबगोल बारीक. खाली उतरताना पट्ट्यांचा बाक वाढतो. तळाच्या मडक्यावर तो वाढवायचा राहिलाय, त्यामुळे ते जमिनीवर नीट बसत नाही.

सावलीत अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना. दोन्हींचे कण कागदाच्या खळग्यांत बसून भाजल्या मातीचा खरखरीतपणा आलाय. आव्यातल्या (कुंभाराच्या भट्टीतल्या) धुराचा डाग तर ओल्यातच सोडलाय, किती सहज पसरलाय! डावीकडे पार्श्वभूमीत एक कडक कड उरलीये. आपल्याकडच्या वैशाखात वॉश अर्ध्यावरच वाळतो. कागद मागूनही भिजवून घेतला की हे टळतं.

फ्रेममध्ये कागद थेट काचेला टेकलाय. पावसाळ्यात तो चिकटेल, बुरशी धरेल. मध्ये आम्लमुक्त माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्या. मातीच्या भिंतीवर लावणार असाल तर फ्रेममागे बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहील. आणि कुंकवाचा लाल कोणता, ते चित्रकाराला विचाराच. अलिझरिन क्रिमसन (ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) असेल तर तो उजेडाने उडतो. तेव्हा दारासमोरची भिंत नको, आतल्या खोलीतली बघा.