रोज जवळ ठेवायला एकच घडीचा चाकू: क्लाइंबर, उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत

माझं मत आधीच सांगून टाकते. रोज जवळ बाळगायला एकच चाकू घ्यायचा असेल, तर पोलादाचा नंबर आणि लॉकचा (उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या अडकणीचा) प्रकार नंतर बघा. चार माणसांत तो बाहेर काढल्यावर समोरचा दचकतो का, हे आधी बघा. दचकत असेल तर तो चाकू तुमच्याकडून वापरलाच जाणार नाही. पुण्यात तर नाहीच. कोयत्याच्या बातम्या वाचून वाचून लोक आधीच वैतागलेत, त्यात खटकन उघडणारं काळं पातं कुणाला साधंसुधं वाटणार?

मी इंटिरियरच्या साइट बघते. बाणेर, वाकड, मधूनच हडपसर. खोकी उघडायची, लॅमिनेटवरची फिल्म सोडवायची, सिलिकॉनच्या नळीचं नोझल तिरकं कापायचं, केबल टाय तोडायचे आणि दुपारी डब्याबरोबर काकडी चिरायची, असं दिवसभर काही ना काही चालूच असतं. आधी माझ्याकडे भावाने दिलेला एक दणकट चाकू होता. अंगठ्याने उघडणारा, लायनर लॉकचा (मुठीतली पट्टी सरकून पातं अडकवणारा), डी-टू नावाच्या कडक पोलादाचा, खिशाला अडकवायच्या क्लिपवाला. ब्रँड सांगत नाही, कारण तक्रार त्या कंपनीबद्दल नाही, त्या घडणीबद्दल आहे. हातात घेतला की भारी वाटायचा. पण क्लायंटसमोर काढला की बोलणं थांबायचं. एका काकूंनी तर नातवाला आतल्या खोलीत पाठवलं.

शिवाय क्लिप. जीन्सच्या खिशाला ती छान बसते. कुर्त्याच्या खिशाला लावा, कापड एका बाजूला ओढलं जातं आणि चाकू लोंबकळत राहतो. चाकूंबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, त्यामुळे हा मुद्दा कुठे वाचायलाच मिळत नाही.

मग मार्चमध्ये व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लाइंबर घेतला. मिटल्यावर 91 मिलिमीटर, वजन 82 ग्रॅम, मोठ्या पात्याची धार साधारण 6 सेंटीमीटर. सोबत छोटं पातं, कात्री, डबा फोडायचं आणि बाटली उघडायचं हत्यार, टोच्या, हुक, बूच काढायचं मळसूत्र, चिमटा, दातकोरणं. लॉक नाही. पातं पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं आणि उघडायला नखाची खाच आहे, म्हणजे दोन्ही हात लागतात.

फरक कळला तो कैरीवर. जाड पात्याचा चाकू कैरीत बोटाच्या पेराएवढा शिरतो आणि तिथून पुढे कापायचं सोडून पाचरीचं काम करतो. कड्कन आवाज, फोड फुटून भलतीकडे उडते, कोयीला अर्धा गर चिकटलेला. क्लाइंबरचं पातं पाठीपर्यंत पातळ आहे. कोयीच्या कडेकडेने फिरवलं की सालीसकट पारदर्शक चकती पडते, तिखट-मीठ लावून लगेच खाता येते. पुठ्ठ्याचंही तसंच: जाड पातं मध्येच अडकतं, हे सरसर जातं. धार कितीही लावा, पाठ जाड असली की कापताना जोर लागणार तो लागणारच. नवा चाकू घेताना म्हणूनच मी आधी वरून, पात्याच्या पाठीकडून बघते.

लॉक नसल्याची भीती घातली होती बऱ्याच जणांनी. लॉक नसेल तर टोक खुपसायचं नाही, पातं पिरगळायचं नाही, जोर नेहमी धारेच्या दिशेने द्यायचा. ही शिस्त तशी लॉकवाल्या चाकूलाही हवीच. लॉक असला की माणूस ती विसरतो इतकंच. जिथे टोक रुतवायची गरज पडते तिथे मी टोच्या घेते, पण तोही मिटू शकतो, त्यामुळे बोटं मागे. लाकूड तासणं, फांद्या तोडणं असलं काम रोजचं असेल, तर मात्र लॉकवालाच घ्या. फ्रेंच ओपिनेलचं कडं फिरवून पातं अडकवायची युक्ती 1955 पासूनची आहे आणि साधी, छान आहे. मी तो घेतला नाही, कारण लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर बॅगही कोरडी राहत नाही.

पोलादाबद्दल थोडं. डी-टूमध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बनही दीड टक्का असतो. बरंचसं क्रोमियम त्या कार्बनबरोबर कार्बाइडमध्ये अडकून पडतं आणि गंजाशी झुंजायला कमी उरतं. जुलैत माझ्या जुन्या चाकूवर तपकिरी ठिपके आले होते ते त्यामुळे. क्लाइंबरचं पोलाद मऊ, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 56 च्या घरातलं. धार लवकर जाते हे खरं. पुठ्ठा तर धारेचा वैरीच. पण परत लावायला वेळ लागत नाही. बोहरी आळीत मिळणारा दोन बाजूंचा दगड पुरतो. एका बाजूला 15 ते 20 अंश धरायचे, हलक्या हाताने ओढायचं. रोजच्यासाठी तर चिनीमातीच्या मगाच्या बुडाची ती चमक नसलेली खरखरीत कड असते ना, तिच्यावर चार-पाच वेळा फिरवलं तरी काम भागतं. गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याला विळी द्या, कात्री द्या, हा देऊ नका. चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापते, तापली की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि धातू फुकट झिजतो तो वेगळाच.

पीओपीची धूळ सांध्यात बसली की पाती कुरकुरत उघडतात. गरम पाणी आणि साबणात बुडवून प्रत्येक हत्यार पाच-सहा वेळा उघडमीट करायचं, वाळवायचं, सांध्यात तेलाचा एक थेंब. फळं चिरणार असाल तर खाण्याच्या प्रतीचं लिक्विड पॅराफिन बरं. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नका. ते 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि पुण्यात थंडीतली सकाळ कशी असते ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त वापर कशाचा झाला विचाराल तर कात्रीचा. कपड्यांचे टॅग, गोळ्यांची पाकिटं, पडद्यांचे दोरे. डबा फोडायच्या हत्याराचं टोक चौफुलीच्या छोट्या स्क्रूतही बसतं, स्विचबोर्डची पट्टी त्यावर निघते. बूच काढायचं मळसूत्र आमच्या घरात निरुपयोगी ठरेल असं वाटलं होतं, पण सुतळीची आवळलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही: टोक गाठीत फिरवून घालायचं आणि ओढायचं. स्विस सैनिकांचा 1891 चा चाकू पातं, टोच्या, डबाफोड आणि पेचकस एवढ्यावर होता. हे मळसूत्र आलं 1897 च्या ऑफिसरच्या चाकूत. प्लायवूडचं कुसळ बोटात गेलं की चिमटा. सुतारही मागून नेतात. हुक मी एकदाही वापरला नाही. जिप्सम बोर्डाला मात्र हा लावत नाही, धार जागीच जाते. त्याला तुकडे मोडून टाकायचं पातं असलेला कटरच हवा.

‘स्वसंरक्षणाला ठेवलास का गं?’ हा प्रश्न ठरलेला. नाही हो. दोन हातांनी, नखाने उघडायची वस्तू त्या कामाची नाहीच, आणि कुठलाही चाकू त्या हिशेबाने पर्समध्ये टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्याच मावशी कात्री बघितली की ‘दे जरा’ म्हणतात.

कायद्याचं मात्र नीट वाचून घ्या. 2016 च्या शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीची वा कारखान्याची अवजारं वगळून. खिशातला चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 (1) खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा त्यात ‘सुरे’ हा शब्द असतो आणि इंचांचं माप नसतं. असे आदेश सणावाराला, मोर्चा-आंदोलनाच्या काळात निघतात. लोहगावला विमान पकडायचं असेल तर चेक-इनच्या बॅगेत टाकायचा, हातातल्या सामानात अजिबात नाही. मेट्रोने जायचं असलं तरी मी तो नेत नाही, दारातल्या तपासणीत कोण वाद घालणार. गणपतीचे दहा दिवस तो घरीच होता. साइटवरची खोकी तेवढे दिवस सुताराच्या कटरने उघडली.