जुन्या घरात अटॅच्ड बाथरूम: कोठीत, माडीवर की मागच्या पडवीत?

बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या आणि तिथल्याच खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांत जागेला तोटा नसतो, पण झोपायच्या खोलीला लागून संडास-न्हाणी नसते. वय झालेल्या माणसांनी आषाढातल्या पावसात रात्री परड्यात कसं जायचं? मग अडगळीची कोठी, रिकामी माडी आणि मागची पडवी या तीन जागा डोळ्यांपुढे येतात. कुठेही केलं तरी चार बाय साडेसात फूट जागा निघायला हवी.

माडीचा विचार मी तरी सोडून देईन. खाली लाकडी तुळया. पाइप लपवायला फूटभर भराव घातला की टनाच्या वर वजन बसतं, आणि गळती झालीच तर ती तुळई कुजल्यावरच कळते.

कोठी पहिल्यांदा सोयीची वाटते, कारण भिंती आणि छप्पर तयार असतं. पण ती घराच्या पोटात. संडासाच्या चार इंची पाइपला दर दहा फुटांना दोन-तीन इंच उतार लागतो; चेंबर तीस फुटांवर असेल तर सहा ते नऊ इंच तिथेच गेले. म्हणजे एकतर मातीच्या भिंतीचा पाया उकरा, नाहीतर जमीन उचलून पायरी करा. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच ती पायरी नडणार. शिवाय खिडकी नाही, आणि पलीकडे देवघर असेल तर घरातला वाद वेगळाच.

पडवीला बाहेरची भिंत असते, उजेड असतो, चेंबर जवळ पडतो. अडचण छपराची: वळचणीपाशी डोकं आपटतं, म्हणून तेवढा भाग उचलून घ्यावा लागतो. दारासाठी जाड भिंत नव्याने फोडू नका. खोलीची खिडकी असेल तर तिच्याच रुंदीत खालचा भाग काढा, वरची तुळई जागची हलत नाही. मातीच्या भिंतीवर थेट टाइल्स टिकत नाहीत. ओल्या बाजूला चार इंची विटांची भिंत वेगळी उभी करा.

शहरात ड्रेनेज लाइन असेल तिथे प्रश्न मिटला. खेड्यात शोषखड्डा घ्याल तर पिण्याच्या विहिरीपासून साठ फूट लांब हवा. परडं लहान असेल तर आधी हेच मोजा, जागा नंतर ठरवा.

पडवीचं काम दिवाळीनंतर काढा आणि वळीव सुरू व्हायच्या आत कौलं परत चढवा.