वाचन सुधारण्याचा दावा करणारे ब्रेन ट्रेनिंग: पैसे कशावर घालवावेत?

डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यात येणारी अडचण) असलेल्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे ब्रेन ट्रेनिंग कार्यक्रम विकले जातात. त्यांतले दोन नेहमी कानावर येतात.

फास्ट फॉरवर्डमध्ये ‘बा’ आणि ‘डा’ यांसारखे आवाज ताणून, संथ करून ऐकवतात आणि मूल सरावत गेलं की वेग वाढवतात. सराव आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतो. मुलं खेळात रमतात, पातळ्या भराभर चढतात. पण 2011 मध्ये नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वाचनावर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉगमेड स्मरणशक्तीवर काम करतं: साधारण पाच आठवडे, 25 सत्रं. आकडे उलट क्रमाने सांगणं जमू लागतं, अनोळखी शब्द वाचणं मात्र तिथेच राहतं. ज्याचा सराव केला तेवढंच सुधारतं, अडचण नेमकी तीच आहे. डिस्लेक्सियावर उपाय म्हणून सुचवले जाणारे रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांच्या वाट्याला तर जाऊच नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच त्यांना पुरावा नसल्याचं संयुक्तपणे सांगितलं आहे.

बहुतेक मुलांची खरी अडचण शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. म्हणून तोच सराव हवा, आणि तो अक्षरं समोर ठेवूनच. ‘सवय’मधला पहिला ‘स’ काढला तर काय उरतं? आधी तोंडी, मग अक्षरांचे पत्ते सरकवून, मग लिहून. एका सत्रात ध्वनी-अक्षराची नवी जोडणी एकच. उरलेला वेळ जुन्या जोडण्यांची उजळणी आणि त्याच जोडण्यांचे शब्द असलेला छोटा उतारा मोठ्याने वाचणं. मूल अडखळलं की शब्द सांगून टाकू नका, चित्र पाहून ओळखायलाही लावू नका. अक्षरावर बोट ठेवून ध्वनी जुळवू द्या. अंदाजाची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो. आठवड्यातून एकदाच तासभर बसण्यापेक्षा रोजची वीस-तीस मिनिटं कितीतरी बरी.

कोणताही कार्यक्रम घेण्याआधी मोजमाप करून ठेवा: मुलाने कधी न पाहिलेल्या उताऱ्यातले मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, आणि ‘टमुळ’, ‘पेगसा’ असे निरर्थक शब्द किती जमले. पाठ झालेल्या शब्दांवर भागत नाही, म्हणून निरर्थक शब्द. पुढच्या वेळी तितकाच अवघड पण वेगळा उतारा घ्या, नाहीतर ओळखीमुळेच आकडा वाढतो. विक्रेता खेळातल्या गुणांचा आलेख दाखवत असेल, तर वाचनाचे आकडे मागा. तेही त्याच काळात शिकवणी घेतलेल्या दुसऱ्या गटाशी ताडून. वय वाढलं आणि शाळा चालू राहिली तरी वाचन थोडं सुधारतंच, ते श्रेय सॉफ्टवेअरला देऊ नका. दोन-तीन महिन्यांत निरर्थक शब्दांचा आकडा हललाच नाही, तर शिकवणाऱ्याने जोडण्यांचा वेग कमी करायला हवा. श्रवण आणि दृष्टीची साधी तपासणी राहिली असेल, तर तीही तेव्हाच उरकून घ्या.