एक्झॉस्ट गास्केट दोनदा बदललं, त्याचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की वॉचमन विचारायचा, "साहेब, आज रिक्षा काढली का?" गाडी सात सीटर डिझेल एसयूव्ही, १ लाख १२ हजार किलोमीटर पळालेली. आवाज मात्र खरंच रिक्षाचा. टकटक टकटक, ॲक्सिलरेटर दिला की तालही वाढायचा. वारज्याहून चांदणी चौकात पोचेपर्यंत आवाज गायब! त्यामुळे थंडीभर मी लक्षच दिलं नाही.

मे महिन्यात लग्नासाठी वाईला निघालो. खंबाटकी चढताना मधल्या सीटवर बसलेल्या आईने डोकं धरलं. बायको म्हणाली, "अहो, काच खाली करा, धुराचा वास येतोय." एसीची बाहेरची हवा पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत येते. बोनेटखाली एक्झॉस्ट गळत असेल तर तोच धूर घरच्यांच्या नाकात जातो. वास निदान कळतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. पुढचा घाट रिसर्क्युलेशन चालू करून, म्हणजे जाळीतून बाहेरची हवा घेणं थांबवून, आणि काचा उघड्या ठेवून काढला.

जवळच्या गॅरेजवाल्याने आधी टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांवर, संशय घेतला. मग मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या नळकांड्याच्या, कडेची काजळी दिसली आणि "पॅकिंग गेलंय" असा निकाल लागला. पॅकिंग म्हणजे इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली फट बंद करणारं गास्केट. मी नाना पेठेतून ४५० रुपयांचं ग्राफाइटचं गास्केट आणलं, त्याने अर्ध्या दिवसात बसवून दिलं. दीड महिना गाडी गप्प होती. नंतर एका पावसाळी सकाळी वॉचमन पुन्हा हसला.

तेव्हा मी गास्केटलाच शिव्या घातल्या. स्वस्तातलं आणलं, भोगा आता. दुसरा मेकॅनिक गाठला. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी थंड इंजिन सुरू करून एका पोराला सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर फडकं धरायला लावलं आणि स्वतः रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. चौथ्या सिलिंडरपाशी थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. फस् फस् असा फुंकर मारल्यासारखा आवाज स्पष्ट येत होता.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर त्यांनी तो पालथा करून त्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवली आणि फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पाती, घातला. मधल्या दोन पोर्टखाली, म्हणजे धुराच्या भोकांखाली, ०.०५ मिलिमीटरचं पातंही जाईना. चौथ्या पोर्टखाली ०.३० चं पातं सरळ आत सरकलं. "सर, पॅकिंगला कशाला बोल लावता? लोखंड वाकलंय." जुन्या गास्केटवरही तेच लिहिलेलं होतं. बाकी तीन भोकांभोवती स्वच्छ करडी कडा, चौथ्याभोवती बाहेरपर्यंत गेलेला काळा ओघळ.

मामांनी कारण सांगितलं ते मला पटलं. हेड, म्हणजे मॅनिफोल्ड जिथे बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गाडी तापते-निवते तेव्हा दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि ही ओढाताण टोकांना सगळ्यात जास्त जाणवते. गास्केट फुटतं ते टोकाला आणि स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारे आट्यांचे दांडे, तुटतात तेही बहुतेक टोकाचेच. गाडी तापली की फट मिटते, म्हणून आवाज जातो. चांदणी चौकाचं कोडं सुटलं ते असं.

आमच्याकडे दोन स्टड निघता निघता तुटले. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरीही. तुटक्या टोकावर नट वेल्ड करून ते बाहेर काढले, त्यात मामांची दुपार गेली. मॅनिफोल्ड फेसिंगला, म्हणजे वाकलेला पृष्ठभाग सपाट करून घ्यायला, भोसरीला गेला. स्टड आणि नट सगळे नवे, गास्केट कंपनीचं, स्टीलच्या थरांचं. सिलिकॉन सीलंटचा एक थेंबही लावला नाही. त्या उष्णतेत तो टिकतच नाही. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले. पहिल्या वेळी त्या गॅरेजवाल्याने एका कडेपासून रॅचेटने आवळत नेले होते, हे मला तेव्हा आठवलं. आपल्या गाडीचा टॉर्क आणि गास्केट पुन्हा आवळायचं की नाही हे मॅन्युअलमध्येच बघा, दुसऱ्याचा आकडा वापरू नका. एकूण खर्च ७,४०० रुपये. त्यात गास्केट फक्त १,१५० चं, बाकी फेसिंग, स्टड आणि मजुरी.

हे काम ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी झालं. त्यानंतर साडेनऊ हजार किलोमीटर झाले. कोकणाच्या दोन फेऱ्या, ताम्हिणीतला धो धो पाऊस आणि रोजचं हिंजवडीचं ट्रॅफिक यात आलं. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळीही टकटक नाही. आई मधल्या सीटवर झोपते, याहून मोठी पावती मला नको.

पिकअपचा फरक खरा आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा. त्याच्या आधीच वायू गळत असेल तर त्याला पुरेसा जोर मिळत नाही. आधी खंबाटकीत दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे आता तिसऱ्यावर निघते. मायलेज १३.१ वरून १३.६ झालं, पण तेव्हा उन्हाळा होता आणि एसी अखंड चालू असायचा, म्हणून त्याचं श्रेय मी गास्केटला देत नाही.

एक कटकट उरली आहे. मॅनिफोल्डवरच्या हीट शिल्डचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा, एक बोल्ट तेव्हाच तुटला आणि मामांनी तिथे तार बांधली. स्पीड ब्रेकरवर पत्रा खणखणतो. पुढच्या सर्व्हिसिंगला तो बोल्ट आणि खालच्या पाइपच्या जोडाचं गोल गास्केट, दोन्ही एकदम करून घेणार आहे.